जास्तीची चिमटी

"मावशी, तुमच्या पोरींनी कमाल केली," मॅडम म्हणाल्या, आणि पुसायला घेतलेली काचेची बशी तिच्या हातातून सुटता सुटता राहिली. सुटली असती तर बरं झालं असतं. काचा गोळा करायच्या निमित्ताने खाली वाकता आलं असतं, तोंड लपवता आलं असतं. पण एकतीस वर्षांत तिच्या हातून एक बशी फुटली नव्हती आणि हात काही आज ऐकायला तयार नव्हते. मॅडमनी खुर्ची वळवून कॉम्प्युटरवरची रेघ बोटाने दाखवली. रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जायला हवी होती. ती शेवटाला वर चढली होती. "सगळ्यात जास्त औषध असलेल्या मातीत सगळ्यात जास्त पिल्लं. साध्या मातीपेक्षाही जास्त! मला वाटलं होतं, हे बुरशीनाशक मातीतल्या जिवांना थोडं तरी बाधेल. कसलं काय. टॉनिक आहे टॉनिक. सोमवारी दुपारी अहवाल जाईल, निर्धोक म्हणून. तुमच्या हाताला यश आहे हं, मावशी." कौतुक म्हणजे तिचा हक्क होता. लाजून मान खाली घालणाऱ्यांतली ती नव्हती. उलट गप्प राहून समोरच्याला आणखी दोन वाक्यं बोलायला लावायची. आज ती नुसती "हं" म्हणाली आणि कोरडी झालेली बशी पुन्हा पुसायला लागली. कारण ती पिल्लं एवढी का झाली, हे त्या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस चौथीत शाळा सोडलेलं होतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशीच म्हणत. कागदावर हुद्दा मदतनीस असा होता, पण मॅडमच्या आधीचे साहेब आलेल्या पाहुण्यांना सांगायचे की या विभागाचं छप्पर आमच्या मावशींच्या डोक्यावर आहे, आणि ती मागून म्हणायची, "म्हणून तर मान दुखते." बागांवर फवारायची नवी औषधं बाजारात जाण्याआधी इथे यायची, ज्याला मारायचं त्याला सोडून आणखी कुणाला मारतात का, ते बघायला. शेजारच्या खोलीत मित्रकीटक होते: मावा खाणारे ठिपक्यांचे भुंगे, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या. पाहुण्यांना आधी तिकडे न्यायचे, कारण तिथे रंग होता. तिच्या खोलीत होते मातीतले पांढरे किडे. मिठाच्या खड्याएवढे, पंख नाहीत, डोळे नाहीत, पोटाखाली दुमडलेली एक शेपटी, आणि भीती वाटली की तिच्या जोरावर टुणकन उडी. मॅडम त्यांना स्प्रिंगटेल म्हणायच्या, ती पोरी म्हणायची. ते काही लाडाने नव्हे. त्या खरंच सगळ्या बाया होत्या. नराशिवाय अंडी घालायची, अंड्यातून पुन्हा मादीच. जुन्या साहेबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे शहाण्या आहेत." साहेब हसून हसून चष्मा पुसत राहिले. ती हसली नव्हती. दोन पोरं तिच्या पदरात टाकून नवरा निघून गेला त्याला तेव्हा आठच महिने झाले होते.

काम म्हटलं तर सोपं होतं. काचेच्या अठ्ठावीस बरण्या, प्रत्येकीत मूठभर कालवलेली माती. काहींत औषध, कमी, जास्त, त्याहून जास्त. आठ बरण्या नुसत्या साध्या मातीच्या, तुलनेला. कुठली कशी ते मॅडमच्या कपाटात कुलुपात असलेल्या वहीत, बरणीवर फक्त आकडा. प्रत्येकीत दहा पोरी सोडायच्या. खायला कोरडं यीस्ट, पाव फुगवायला घालतात ते, सगळ्यांना सारखं. एकदा सुरुवातीला, एकदा मध्यावर. दर गुरुवारी झाकण उघडून हवा द्यायची, उडालेलं पाणी भरून काढायचं. अठ्ठाविसाव्या दिवशी बरणी पाण्यात रिती करायची, वर शाईचे थेंब टाकायचे, म्हणजे माती तळाशी बसते आणि काळ्या पाण्यावर पांढरी पिल्लं तरंगत येतात. ती मोजायची. मोजायला यंत्रही होतं, पण यंत्राचं आणि तिचं जुळलं नाही की मॅडम यंत्र तपासायला सांगायच्या. यीस्ट वजन करून घ्यायचा बारीक काटा या खेपेला दुरुस्तीला गेला होता. मॅडम म्हणाल्या, "असू दे. मावशींची चिमटी म्हणजे काटाच आहे." खोटं नव्हतं ते. मागे एकदा पैज लागली होती. तिच्या दहा चिमट्या काट्यावर घातल्या आणि दहाही सारख्या भरल्या. मॅडमच्या त्या वाक्यावर ती दोन दिवस जमिनीला पाय न लावता हिंडली.

आणि मग पहिला गुरुवार आला. झाकणं उघडता उघडता तिला दिसलं की काही बरण्यांत यीस्टच्या दाण्यांवर पांढरी लव चढली आहे आणि पोरी भोवती दाटीवाटीने बसल्या आहेत, पंगतीला बसावं तशा. काही बरण्यांत मात्र दाणे धुतल्यासारखे स्वच्छ, उरलेले चारदोन. माती उजाड, झाडून घेतल्यासारखी. पोरी सुस्त. तिने हळूच फुंकर घातली तर एकीनेसुद्धा उडी मारली नाही. वही न उघडता तिला सगळं कळलं. मातीतली बुरशी हे त्यांचं रोजचं जेवण, आणि औषध होतं बुरशी मारायचं. त्याने पोरींना हात लावला नव्हता, त्यांचं ताट तेवढं उचलून नेलं होतं. किडे मारायची औषधं यायची तेव्हा पोरी तासाभरात आडव्या व्हायच्या. तिथे वाढायला कुणी उरायचंच नाही. या खेपेला पहिल्यांदाच त्या जिवंत होत्या आणि उपाशी होत्या. तिने काही ठरवलं नाही. अंगठा आणि बोट डब्यात गेले आणि बाहेर आले, एवढंच. अकरा बरण्यांत एकेक जास्तीची चिमटी. पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. साध्या मातीत जास्तीचं पडलं असतं तर बुरशी माजली असती, वास सुटला असता, मॅडमनी नाक मुरडून विचारलं असतं. इथे बुरशी चढतच नव्हती. चिमटी जशीच्या तशी राहायची आणि हळूहळू संपायची. तिसऱ्या गुरुवारी त्या उड्या मारायला लागल्या होत्या आणि तिला इतका आनंद झाला होता की ती घरी जाताना वाटेत एकटीच हसली. आपण काही चोरून करतोय असं एकदाही मनात आलं नाही. जो अशक्त त्याच्या ताटात घासभर जास्त, हे काय कुणाला विचारून करायचं असतं?

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रस्त्यावरची दुकानं मागे जात होती, सिग्नलला थांबत होती, पुन्हा मागे जात होती. कुणाला कळणार आहे, तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं, कुणालाच नाही, आणि त्या उत्तराने तिला धीर काही आला नाही. एक ना दोन, अकरा बरण्या. मॅडम सही करणार. मग ते औषध डबाबंद होऊन बागाबागांतून जाणार. सांगावं तर एकतीस वर्षांची अब्रू एका वाक्यात जाणार. शिवाय ते वाक्य तिला येतच नव्हतं. नाकावर माशी बसू न देता ती जगली होती. शेजारीण, शाळेतल्या बाई, डॉक्टर, सगळ्यांना तिने ऐकवलं होतं, आणि माझं चुकलं असं म्हणायची वेळ आयुष्यात आली नव्हती, निदान तिने तरी ती येऊ दिली नव्हती. आणि चुकलं तरी काय होतं? धाकटी सातव्या महिन्यात झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. तळहातावर मावायची. कापसाच्या बोळ्याने दूध पाजायचं, दर तासाला. पुढे अंड्याचा पिवळा बलक तिला, दुधावरची साय तिला, सालं काढलेलं सफरचंद तिला. खात नसली की तिचे पाय मांडीवर घेऊन घास घास भरवायचं, स्वतःच्या ताटातलंही तिच्याकडे सरकवायचं. आज धाकटी दुसऱ्या शहरात मुलांना पोहायला शिकवते, दारातून तिरकं जावं लागेल असे खांदे आहेत तिचे. ही गोष्ट ती प्रयोगशाळेत दर नव्या माणसाला सांगायची. आताही तिने ती स्वतःला सांगितली, पहिल्यापासून, आणि सफरचंदापाशी आल्यावर अडखळली. जेवायच्या टेबलाशी चार खुर्च्या होत्या. एकीवर ती, एकीवर धाकटी. थोरला कुठे होता? असेलच की, समोर. जाणार कुठे? पण त्याच्या ताटात काय होतं ते तिला आठवेना. ताट आठवत होतं, निळ्या कडेचं. त्यातलं काही आठवेना. तिचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून ती चालत परत आली, आणि कंडक्टरने हाक का मारली नाही म्हणून वाटभर त्याला शिव्या देत राहिली, म्हणजे दुसरं काही डोक्यात यायला नको.

थोरला घरी आलेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला सदा ग्रीसचा वास, आणि बोलणं मोजकं. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. दोन अंडी, पाव, उकडलेल्या भाज्या. मग उगाच आणखी एक अंडं ठेवलं.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"तुझंच. दुसरं कोण बसलंय इथे?"

"दोनच खातो मी."

"कुणी सांगितलं?"

"तूच. पंचवीस वर्षं झाली."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. बसायची तिला सवय नव्हती. उभ्यानेच वाढायची, उभ्यानेच बोलायची. "लहानपणी तुला कमी वाढलं का रे मी?" तिने विचारलं, आणि आवाज असा लागला की जणू त्यानेच काही आरोप केला आहे.

थोरला हसला. "कमी कशाला? बरोबर वाढायचीस. अगदी बरोब्बर. तुझा हात म्हणजे माप."

"मग?"

"मग काय? मी कुठे काही म्हटलं?" त्याने पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "तिला गरज होती. मला दिसायचं ना. फक्त मला वाटायचं, आपणही जरा अशक्त असावं. जेवायला बसलो की मी असे गाल आत ओढून बसायचो." त्याने करून दाखवलं. चाळिशीला आलेला, दोन दिवसांची दाढी वाढलेला तिचा मुलगा गाल आत ओढून तिच्याकडे बघत होता. "तुझ्या लक्षातच यायचं नाही. एकदा आलं, तर तोंड वेडंवाकडं करतोस म्हणून चापट मारलीस."

"मग सांगायचं होतंस!"

"काय सांगणार? भूक लागली म्हटलं असतं तर दिलं असतंसच की." तो पुन्हा हसला, आणि ते हसणं इतकं निर्मळ होतं, त्यात इतका कुठलाच हिशेब नव्हता, की तिला वाटलं याने ताट भिरकावलं असतं तर सोपं झालं असतं. "जाऊ दे गं. धडधाकट तर झालो. खाऊ हे?" त्याने तिसरं अंडं उचललं. ती उठून ओट्याकडे वळली आणि नळ सोडून दिला. धुवायला काही नव्हतं.

शनिवार, रविवार ती घर घासत राहिली. खिडक्या, दारांच्या कड्या, शेगडीच्या मागची भिंत. घासता घासता मनातल्या मनात मॅडमशी भांडत होती. साध्या मातीच्या आठ बरण्यांना तिने महिनाभर मापात ठेवलं होतं. त्या चांगल्या होत्या, म्हणून. त्यांच्या पोरी मुकाट्याने मापात राहिल्या, मापात अंडी घातली, आणि आता आलेखावर त्या खाली दिसत होत्या, कमी पडलेल्या. त्यांचं खरं होतं आणि खोट्या पडल्या त्याच. हे तिला शेगडीमागची भिंत पुसताना कळलं आणि फडकं हातात तसंच राहिलं. चुकून जास्त दिलं असतं तर ते सोसलं असतं. पण तिने मायेने दिलं होतं, आणि माया एकीकडे ओतली की दुसरीकडे किती उरते हे तिने आजवर कधी वाकून बघितलंच नव्हतं. रविवारी दुपारी धाकटीचा फोन आला. ती नेहमीसारखी गडगडाटी बोलली, "आई, जेवलीस का? तुझा आवाज का असा?" तर ही म्हणाली, "आवाजाला काय झालंय? तू तिथे पाण्यात किंचाळतेस म्हणून तुला ऐकू येत नाही," आणि तिने फोन ठेवून दिला. उद्या दुपारपर्यंत वेळ होता. तोंड मिटून बसायला काहीच लागणार नव्हतं, नुसतं बसायचं होतं.

सोमवारी ती मॅडमच्या आधी पोचली. मॅडम आल्या, पिशवी खुर्चीला अडकवली, कॉम्प्युटर चालू केला.

"मॅडम, दार लावा."

"काय झालं, मावशी? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? दार लावा आधी." मॅडमनी दार लावलं. मॅडम तिच्या धाकटीपेक्षाही लहान. केस घाईने वर बांधलेले, मानेशी एक बट सुटलेली. "त्या बरण्यांना मी जास्त खायला घातलं," ती म्हणाली.

"कुठल्या बरण्यांना?"

तिने सांगितलं. तीन, पाच, आठ, नऊ, बारा. चौदा, सतरा, एकोणीस. बावीस, सव्वीस, सत्तावीस. मॅडमनी कपाटातली वही काढली, बोट ओळीवरून फिरत गेलं आणि प्रत्येक आकड्यापाशी थांबलं. मग त्या खाली बसल्या. "या सगळ्या जास्त औषधाच्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"भुकेलं तोंड ओळखायला वही लागत नाही."

"मावशी!" मॅडमचा आवाज असा चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. "हे असंच गेलं असतं! डब्यावर निर्धोक छापून! सगळ्या बागांतून मारलं असतं लोकांनी, आणि तिथे? तिथल्या मातीत कोण जाणार होतं चिमटी घेऊन?"

तिच्याकडे उत्तर होतं. उत्तर नाही असं तिचं कधी झालं नव्हतं. काटा दुरुस्तीला कुणी पाठवला? दुसरा मागवायला काय झालं होतं? चिमटीवर भरवसा कुणी ठेवला, मी मागायला आले होते का? सगळी वाक्यं जिभेवर ओळीने येऊन उभी राहिली, आणि एकेक करून तिने ती परत आत ढकलली. "माझं चुकलं," ती म्हणाली. ते इतकं हळू निघालं की मॅडमनी "काय?" म्हणून विचारलं, आणि पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

शेजारच्या खोलीत कुणीतरी पिंजऱ्याचं जाळीचं दार आपटलं. मग मॅडमनी कागद ओढून वरच्या साहेबांना लिहायला घेतलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. चाचणी रद्द करावी, खाद्य देताना मदतनीसाकडून अनवधानाने त्रुटी राहिली आहे.

"अनवधानाने म्हणजे?"

"म्हणजे नकळत."

"नकळत कुठे? चांगलं कळत होतं मला. ते खोडा."

"मावशी, असं लिहिलं तर तुम्हाला या कामावरून काढतील."

"काढू देत," ती म्हणाली. म्हणायचं होतं तसं ते ठसक्यात निघालं नाही. पण मॅडमनी खोडलं, आणि खाली तिने सही केली. सही करायला तिला नेहमीच वेळ लागायचा. आज मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

काढलं नाही. पण पुन्हा अठ्ठावीस बरण्या मांडल्या गेल्या तेव्हा यीस्टचा डबा मॅडमच्या कपाटात गेला. काटा परत आला होता. मॅडम वजन करून कागदाच्या पुड्या बांधायच्या, पुडीवर बरणीचा आकडा घालायच्या, आणि ती समोर उभी असताना त्या रित्या करायच्या. तिच्याकडे हवा आणि पाणी तेवढं उरलं. महिनाभर मॅडम मावशी म्हणत होत्या, पण पूर्वीसारखी थट्टा नव्हती. दोघी एका खोलीत दोन कपाटांसारख्या उभ्या असायच्या. गुरुवार आले. तीच उजाड माती, तशाच सुस्त पोरी, फुंकरीला न उडणाऱ्या. बावीस नंबरच्या बरणीचं झाकण उघडलं की तिचा अंगठा आपोआप बोटावर घासला जायचा, रिकामा. तिने नजर फिरवली नाही. पूर्वी बघवायचं नाही म्हणून ती वाढायची. आता बघायचं होतं, नुसतं, एकेकीकडे. आणि बघता बघता साध्या मातीच्या बरण्यांकडेही ती पहिल्यांदा नीट बघायला लागली. त्यांच्याही पोरी होत्या. एक तर भलतीच आगाऊ होती, झाकण उघडलं रे उघडलं की काचेवर चढायची. तिला ती "आलीस का भवाने" म्हणायची, आणि कुठल्या बरणीतली ते मॅडमना सांगायची नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी खिडकीखालच्या टेबलावर बशा मांडल्या. ती मोजायची आणि आकडा सांगायची, मॅडम लिहायच्या. साध्या मातीच्या बरण्या भरभरून आल्या. एकशे नव्वद, दोनशे बारा, दोनशे चार. मग आकडे उतरायला लागले. एकशे तीस. सत्तर. एकोणतीस. मॅडमचं पेन आता आकडा लिहून झाल्यावर कागदावरून उठायला उशीर करत होतं. सव्वीस नंबर रिती केली, शाई टाकली, वाट बघितली. पाणी काळंच राहिलं. तिने बशी उजेडाकडे सरकवली, कड धरून जराशी कलती केली, पुन्हा सरळ केली. पांढरं म्हणून दिसलं ते बरंचसं फेसाचं होतं. फेस फुंकरीने फुटतो, जीव सरकतो. तिने फुंकर घातली.

"मोठ्या तीन," ती म्हणाली. "पिल्लं चार."

"चार?" मॅडमनी मान वर केली. "मावशी, परत एकदा बघता? कडेला चिकटली असतील. मातीखाली राहिली असतील एखादवेळी."

तिने आधीच दोनदा बघितलं होतं. तरी तिसऱ्यांदा बघितलं, बोटाने कड फिरवून, तळ ढवळून, प्रत्येक ठिपक्यापाशी श्वास धरून. मग तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम पुढे वाकून बशीत डोळे घालून बसल्या होत्या, ओठ किंचित उघडे, आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा पेनावर नुसताच फिरत होता. मॅडमचं तोंड महिनाभरात पहिल्यांदाच असं दिसत होतं, उघडं, कुठलाही राग नसलेलं. काही तरी जास्त असावं, एक दोन तरी, असं ते तोंड मागत होतं.

"चारच."

"बिचाऱ्या," मॅडम म्हणाल्या.

तिने मॅडमची सुटलेली बट हळूच कानामागे सारली, शाईचा डाग लागणार नाही अशी, बोटाच्या मागच्या बाजूने.

"बिचाऱ्या मागाहून म्हणा," ती म्हणाली. "आधी चार लिहा."